बावड्यावरचा पातळ ढग

डिसेंबर लागला की आमच्या कसबा बावड्यात खिडकी उघडायच्या आधीच कळतं, हंगाम सुरू झाला. मळीचा आंबूस-गोड वास घरात शिरून बसलेला असतो. गादीला, टॉवेलला, अगदी सकाळच्या पहिल्या चहालासुद्धा. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक लागलेल्या, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं, आणि मधूनच एखाद्या दुचाकीवाल्याची आयमाय काढणारा ड्रायव्हर. गाव या दिवसांत खुशीत असतं. मी गच्चीवर जाते आणि मान वर करून उभी राहते. शेजारच्या वहिनींना वाटतं, मी सूर्याला नमस्कार घालते. त्यांना काय सांगू, मी तिथं उभी राहून एक जुना राग रोज नव्यानं तापवत असते.

वर बघण्यासारखं तसं काहीच नसतं. या दिवसांत खूप उंचावरून, विमानं जातात तिथून किंवा त्याच्याही वरून, बर्फाच्या बारीक कणांचा एक ढग सरकत असतो. इतका पातळ, की खाली सावल्या पडायच्या थांबत नाहीत, फक्त त्यांच्या कडा जरा मऊ होतात. आभाळ निळंच असतं, पण त्या निळ्यात कुणीतरी चमचाभर दूध सांडून ढवळल्यासारखं. शास्त्रात त्याला सिरस म्हणतात. तो पाऊस देत नाही, गडगडत नाही, कुणाचं वाळवण भिजवत नाही. त्यामुळं त्याची दखल घ्यायला कुणाला सवड नसते. उपग्रहालाही तो चकवतो. खालच्या जमिनीची ऊब त्याच्यातून आरपार वर जाते आणि उष्णता मोजणाऱ्या उपग्रहाला वाटतं, आपण जमीनच बघतोय. माझी ऐन उमेदीची वर्षं या ढगाला पकडण्यात गेली. मी त्याला पकडला, आणि हार दुसऱ्याच्या गळ्यात पडला.

त्या दुसऱ्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. भीती म्हणून नव्हे. माझ्या कष्टावर एकदा त्यांचं नाव छापून आलंय, दुसऱ्यांदा ते भाग्य मी त्यांना का देऊ? आम्ही सगळे त्यांना ‘सर’ म्हणायचो. इथंही तेवढंच पुरे. पीएच.डी.साठी मी त्यांच्या हाताखाली होते. गोरा, नीटनेटका माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि बोलण्यात असा गोडवा की समोरच्याला आपला अपमान झालाय हे घरी गेल्यावर कळावं.

तेव्हा आमच्या विभागाकडं एक मोठं काम आलं होतं. हंगामात जिल्ह्यावर किती धूर साचतो, त्याचा उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशा करायचा. ऊस तुटला की शेतात पाचट उरतं, ते जाळतात. त्यात गुऱ्हाळं, कारखाने. चित्रात जे जे पांढुरकं दिसेल त्याच्याभोवती रेघ मारायची आणि धूर म्हणून मोजायचं, असं ठरलं होतं. सर राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला. बावड्यातून त्यांची गाडी जायची ती काचा वर करून. त्यांच्या लेखी हंगाम म्हणजे धूर आणि बावडा म्हणजे चिमणी. “डिसेंबरात पांढरं दिसलं की धूर. यात विचार काय करायचा?” असं ते म्हणायचे आणि आम्ही मुली संगणकापुढं बसून डोळे फुटेस्तोवर रेघा मारायचो.

पण मी धुरातच वाढले होते. धूर कसा वागतो हे मला कुणी शिकवायला नको होतं. थंडीच्या सकाळी तो नदीकाठच्या शेतांवर अंथरूण टाकून लोळत पडतो. ऊन तापलं की उठतो, विस्कटतो आणि दुपारपर्यंत पसार होतो. घशात खवखवतो, दोरीवरच्या कपड्यांना लागतो. चित्रात मात्र मला काही पांढरं असं दिसायचं, की जे दुपारी हलायचं नाही, ज्याची कड बावड्यापासून पार पन्हाळ्याच्या पलीकडं गेलेली असायची. त्या दिवशी घशात खवखव नसायची. वर बघावं तर सूर्याला खळं पडलेलं, मोठं, गोल, रेखीव. असं खळं बर्फाच्या कणांमुळं पडतं. धूर कितीही दाट असो, त्याच्या बापाच्यानं ते पडायचं नाही.

मग मी पेटले. उपग्रहाला उष्णता बघायचे दोन जवळजवळचे डोळे असतात. मोकळी जमीन त्या दोघांनाही जवळपास सारखीच गरम दिसते. जाड ढगही दोघांना सारखाच गार दिसतो. धुराचं या दोघांना काही वाटत नाही, ते त्याच्यातून थेट पलीकडं बघतात. पण पातळ बर्फाचा ढग मध्ये आला की एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा जास्त अडतो. एकच चहा एकदा फडक्यातून आणि एकदा गाळणीतून गाळला तर जो फरक पडेल तेवढाच, पण पडतो. दोन्हींची वजाबाकी करायची, की जो कुणाला ओळखू येत नाही तो ढग कागदावर उमटतो. हवेत बाष्प असेल तर ही वजाबाकी फसवते. म्हणून पावसाळ्यात एक हिशेब, हिवाळ्यात दुसरा. तो सगळा मी बसवला. आणि त्या ढगाला चित्रात मोरपिशी रंग दिला, कारण आईची एक जुनी इरकल साडी त्या रंगाची होती आणि मला तो रंग फार आवडायचा. पहिल्यांदा पडद्यावर तो रंग पसरला तेव्हा विभागात कुणी नव्हतं. मी एकटीच खुर्चीवरून उठून नाचले होते.

सरांनी मला सगळ्यांसमोर बोलायला उभं केलं. मी चित्रं दाखवली. आपण धूर म्हणून मोजतोय त्यातलं बरंचसं ढग आहे, असं सांगितलं, आणि भाबडेपणानं ते खळ्याचंही सांगितलं.

“खळं?” सर हसले. “हा भौतिकशास्त्राचा विभाग आहे ना? की पंचांग काढायचंय आपल्याला?”

सगळे हसले. हसणाऱ्यांना पुढं नोकऱ्या लागायच्या होत्या, त्यांना दोष देत नाही. पण सर थांबले नाहीत. “बावड्यात राहतेस ना तू? म्हणजे धुराची बाजू घेणारच. गावाचं प्रेम चांगलं असतं, बाळा, पण ते घरी ठेवून यायचं.” मग अगदी मायेनं त्यांनी मला तो धडा प्रबंधातून काढून टाकायला सांगितला. त्या ‘बाळा’वर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी धडा काढला. मार्गदर्शकाची सही लागते, आणि सही त्यांच्या खिशातल्या पेनात होती.

पुढच्या हिवाळ्यात शहरात परिषद भरली. बाहेरगावचे पाहुणे, दारात रांगोळी, फेटे बांधणारा बोलावलेला. मला दारातल्या टेबलावर बसवलं होतं. पिशव्या वाटायच्या आणि जेवणाची कुपनं द्यायची. आत सरांचं भाषण सुरू झालं आणि बाहेरच्या कर्ण्यातून माझी वाक्यं ऐकू यायला लागली. आधी मला वाटलं भास होतोय. मग त्यांनी दोन डोळ्यांची गोष्ट सांगितली, वजाबाकी सांगितली, हिवाळ्याचा हिशेब वेगळा का हे सांगितलं. माझ्याच शब्दांत, माझ्याच क्रमानं, मी जिथं थांबायचे तिथं थांबून. मी कुपनं टाकून दारात गेले. पडद्यावर पन्हाळ्यापासून बावड्यापर्यंत मोरपिशी रंग पसरला होता. रंगसुद्धा बदलला नव्हता त्या माणसानं. चोरलेल्या साडीची घडीसुद्धा मोडली नव्हती. “मला असं आढळलं,” सर म्हणत होते. मला. टाळ्या पडल्या. मागून एक पाहुणे माझ्या खांद्याला हात लावून म्हणाले, “बाई, जेवणाचं कुपन ऱ्हायलंय की माझं.” मी त्यांना कुपन दिलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले.

“सर, ते काम माझं होतं.”

“विद्यार्थ्याचं काम ते विभागाचं काम,” सर म्हणाले. “आणि तो धडा तूच काढलास ना? तुला तो नकोच होता.”

“तुम्ही काढायला लावलात.”

“मी?” ते इतक्या खरेपणानं चकित झाले की क्षणभर माझाच माझ्यावर विश्वास बसेना. मग त्यांनी बेल दाबून चहा मागवला. एकच.

घरी आले तेव्हा आई म्हशीची धार काढत होती. मी गोठ्याच्या दारात बसून रडले, सगळं सांगितलं. तिला त्यातलं ढगाचं फारसं कळलं नसावं, पण चोरीचं चटकन कळलं.

“रडतीस कशाला?” ती म्हणाली. “जा आन् भांड की. चारचौघांत पदर धर त्येचा.”

“सर पदर घेत न्हाईत, आई.”

“मग कॉलर धर. कॉलर हाय न्हवं?”

मी कॉलर धरली नाही. विभाग सोडला. प्रबंध अर्धा राहिला. पुढं तो काढलेला धडा एकट्या सरांच्या नावानं, निबंध म्हणून, जसाच्या तसा छापून आला. शहरातल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायला लागले आणि अजून तेच करते. पोरं बरी आहेत, पगार वेळेवर होतो, लोक विचारतात तेव्हा मी ‘मजेत’ म्हणते. माझ्या नावामागं ‘डॉक्टर’ नाही, एवढंच. आई वारली तेव्हा तिच्या मैत्रिणी घरभर बसल्या होत्या आणि त्यातली एक दुसरीला सांगत होती, “थोरली लेक डाक्टर होणार हुती, मधीच बिनसलं काय तर.” ते ऐकून मला जे झालं ते मी कधी विसरणार नाही, आणि विसरायचा प्रयत्नही करणार नाही.

लोक फार सल्ले देतात. सोडून दे म्हणतात. मन मोठं कर म्हणतात. योगाच्या वर्गातल्या बाई तर म्हणाल्या, माफ केलं की आपलंच ओझं उतरतं. मी म्हटलं, बाई, माझं ओझं नाही ते, माझं भांडवल आहे. खरंच सांगते, या डुखानं माझं काही वाईट केलं नाही. दर हिवाळ्यात मी उपग्रहाची चित्रं उतरवून घेत राहिले, वजाबाक्या करत राहिले, हात बसलेला ठेवला. भांडी घासताना मी सरांना मनातल्या मनात किती वेळा उभं-आडवं सोललंय. कधी त्यांची गाडी भर ट्रॉल्यांच्या रांगेत बंद पाडायचे, कधी त्यांना भर वर्गात साधं त्रैराशिक घालायचे. कढई लख्ख निघायची. पण मला खोटीनाटी फजिती नको होती. मला एकच गोष्ट हवी होती: तो ढग कुणाचा, हे चारचौघांत दिसावं. सांगावं लागू नये, दिसावं.

यंदा हंगाम सुरू झाला आणि गिरिजाचा फोन आला. गिरिजा आणि मी एकाच टेबलावर रेघा मारल्या होत्या. ती निपाणीकडच्या व्यापारी घरातली, घरी अर्धं कन्नड, मला तेव्हापासून अक्का म्हणते. आता ती त्याच विभागात शिकवते.

“अक्का, सर रिटायर होणार हाईत. सत्कार ठेवलाय. जुन्या विद्यार्थ्यांतलं कोण तर बोलाय पायजे.”

“मग?”

“तुझं नाव दिलंय मी.”

तिकडून ती हळूच म्हणाली, “पडदा आन् प्रोजेक्टर दोनी हाय बघ हॉलात. तुला लागत आसंल तर.”

गिरिजा तेव्हा हसणाऱ्यांत होती. इतक्या वर्षांत तिनं त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, आणि त्या दिवशीही काढला नाही. पण मला कळलं.

आपल्याकडं सत्काराचा एक कायदा आहे. त्या दिवशी माणसाबद्दल फक्त चांगलं बोलायचं. शाल, श्रीफळ, फेटा, आणि प्रत्येक वक्त्यानं आधीच्यापेक्षा वरचढ गोड बोलायचं. तो कायदा मला फार सोयीचा वाटला. मी आठवडाभर रोज सकाळी गच्चीवर जाऊन बघत होते. आभाळ ठार निळं, कोरडं, मेला एक ढग नाही. मी जुनं चित्र घेऊन जाऊ शकले असते, पण जुन्या चित्राला माणूस पळवाट काढतो. सत्काराच्या दिवशी सकाळी वर गेले आणि दोरीची सावली बघितली. कड मऊ होती. मान वर केली तर आभाळभर तो होता, माझा, पातळ, शांत, पन्हाळ्याकडून सरकत आलेला. मला इतका आनंद झाला की वहिनींना मी आपणहून हाक मारून चहाला बोलावलं. मग सकाळची चित्रं उतरवून घेतली, वजाबाकी केली, साडी नेसले. मोरपिशी रंगाचीच नेसले. तेवढा थाट मला परवडण्यासारखा होता.

हॉल भरलेला. सरांना भगवा फेटा छान दिसत होता, हे कबूल करते. पुढच्या रांगेत इतर कॉलेजांतले प्राध्यापक, सरांचे आताचे संशोधक विद्यार्थी, शेजारी मुंबईहून आलेले प्रमुख पाहुणे. माझी पाळी आली. सरांची शिस्त, सरांचे कष्ट, सरांची नजर, सगळं सांगितलं.

“सरांच्या नजरेचं मी किती वर्णन करू?” मी म्हटलं. “आज सकाळचंच उपग्रहाचं चित्र आणलंय. सरांनी आम्हाला जसं शिकवलं तसं आज एकदा ओळखून दाखवावं. आम्हा विद्यार्थ्यांची हौस.”

टाळ्या पडल्या. पडद्यावर चित्र आलं. गिरिजानं दिवे घालवले. सर प्रसन्न हसत उठले, चष्मा सारखा केला. बावड्यावर पांढुरकी झाक होती. ते चित्राकडं नीट बघतही नव्हते, तारखेकडं बघत होते.

“अहो, हंगाम सुरू आहे,” सर म्हणाले. “बावडा. धूर. आणखी काय असणार?”

हॉल हसला. मला पंचांगाचं हसू आठवलं, पण त्या हसण्याला आता माझी हरकत नव्हती.

“शंभर टक्के धूर ना सर?”

“शंभर टक्के.”

मी पुढचं चित्र लावलं. पन्हाळ्यापासून बावड्यापर्यंत मोरपिशी रंग पसरला.

“या पद्धतीत धूर दिसतच नाही,” मी शांतपणे म्हटलं. “जे रंगीत दिसतंय तो सगळा उंचावरचा पातळ ढग. ही पद्धत मी सांगत नाहीये. सरांच्या गाजलेल्या निबंधातली आहे. एकट्या सरांचं नाव आहे त्याच्यावर.”

आणि नमस्कार करून खाली बसले.

प्रमुख पाहुणे आधी पडद्याकडं बघत होते, मग हळूहळू त्यांनी मान वळवून सरांकडं बघितलं. पुढच्या रांगेतले संशोधक विद्यार्थी एकमेकांकडं बघत होते आणि त्यातली एक मुलगी माझ्या साडीकडं. सर फेट्याचा शेमला चाचपत उभेच होते. कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. गिरिजानं दिवे लावायला जरा उशीरच केला. ती शांतता मी कान भरून ऐकली. इतकं गोड मी त्या हॉलात कधी काही ऐकलं नव्हतं.

जेवणाला मी थांबले. दोनदा जिलेबी घेतली. हात धुऊन गाडीपाशी आले तर सर मागून येत होते, एकटेच. फेटा काढून हातात घेतला होता. मला वाटलं आता ओरडतील, आणि मी तयार होते. पण ते ओरडले नाहीत. जवळ आले, इकडं-तिकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले,

“ते... दोन्हींची वजाबाकी करायची हे ठीक. पण किती फरक आला की ढग म्हणायचं गं? आणि पावसाळ्यात ते कसं बदलतं? पोरं विचारतात आता. आज तर विचारणारच.”

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. उत्तर माझ्या जिभेवर आलंसुद्धा. शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न आला की तोंड आपोआप उघडतं. मी ते मिटलं. गाडीला किल्ली लावली.

“तुमच्या निबंधात आहे की, सर,” मी म्हणाले. “वाचा एकदा. लिहिताना मी हातचं काही राखलं नव्हतं.”